घरोघरी आरओ की टाकीत क्लोरीन? सोसायटीच्या सभेतलं भांडण इथे आणतोय

तळटाकी
मंडळी, रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय एकच, पाणी. गच्चीवर सामायिक आरओ प्लांट बसवायचा आणि फ्लॅटमागे नऊ हजार काढायचे, असा ठराव. पुण्याच्या सिंहगड रस्त्यापासून आम्ही फार लांब नाही, त्यामुळे भीती समजू शकतो. पण मी विरोधात हात वर केला. माझ्या बाजूने तळमजल्यावरचे एक आजोबा, आणि त्यांना ऐकू कमी येतं.

माझं म्हणणं असं. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम) रुग्ण एकामागून एक सापडले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस मिळाले. आधी जुलाब, मग आठवडा-दोन आठवड्यांनी पायाला मुंग्या, मग जिना चढवेना. जंतूशी लढायला निघालेली शरीराची फौज स्वतःच्याच नसांवर उलटते, तो हा आजार. त्या वेळी पालिकेने या भागातले पाणी विकणारे कितीतरी खासगी प्रकल्प सील केले, कारण त्यांच्या पाण्याचे नमुनेही पिण्यालायक नव्हते. आणि त्यांत आरओवाले होते! ज्याच्यापासून पळायचं, त्याच्याच दारात आपण नऊ हजार घेऊन चाललोय.

आरओच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो, तो पाण्यातलं क्लोरीन शोषून घेतो. म्हणजे पाणी गाळून निघतं खरं, पण पुढे त्याला राखणदार नाही. टाकीत किंवा जारमध्ये दोन दिवस राहिलं आणि कुणाचा हात बुडाला की संपलं.

आता घरचं उदाहरण. मी ओटीची (ऑर्थोटोलिडीन, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं औषध) बाटली आणली. दहा मिलि पाण्यात थोडे थेंब टाकायचे. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. (तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, ते औषध पोटात जाता कामा नये.) तळटाकीत पडणाऱ्या पाण्याला फिकट लिंबू रंग आला. गच्चीच्या टाकीतल्या पाण्याला रंगच नाही. झाकण काढून पाहिलं तर एक बिजागरी तुटलेली, तळाला बोटभर गाळ आणि त्यात कबुतराची पिसं. पाणी खाली बरं होतं, आमच्या गच्चीवर जाऊन नासलं. टाकी धुवा, झाकण बदला, दर आठवड्याला ओटी करा. फ्लॅटमागे दोनशे रुपये पुरे.

सातबारा
असहमत, आणि जोरात असहमत. तुमच्या तळटाकीत लिंबू रंग येतो म्हणून सगळ्या जगाला झाकण बदलायला सांगू नका.

नांदेड, खडकवासला, किरकटवाडी, नांदोशी ही गावं पालिकेत आली २०२१ च्या जूनअखेर, तेवीस गावांच्या यादीत. त्याआधी जिल्हा परिषदेचा कारभार. जुन्या शहराला पर्वती, वडगाव, वारजे इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांतून गाळलेलं पाणी मिळतं. आमच्या गावांकडे? धरणाचं पाणी विहिरीत, विहिरीत क्लोरीन, आणि तिथून थेट नळाला. मधे गाळणं नाही, निवळणं नाही. साथीनंतर वर्तमानपत्रं उघडलीत तर हेच लिहिलेलं दिसेल. पाणी गढूळ असलं की क्लोरीन त्या गाळाशीच झुंजण्यात खर्ची पडतं, जंतूंपर्यंत उरत नाही. मग ओटी करून काय कळणार? रंग नाही, एवढंच.

घरपट्टी मात्र शहराची. एखाद्याने कर्ज काढून आरओ लावला तर त्याला शहाणपण शिकवायचं नाही.

निवृत्त_फिटर
दोघांचंही अर्धं बरोबर, म्हणून दोघंही भांडणार.

पस्तीस वर्षं पाइपात गेली माझी. पाणी केंद्रातून निघतं तेव्हा चांगलं असतं. बिघडतं वाटेत. पुरवठा दिवसातून तीन-चार तासच असतो. बाकीचा वेळ लाइन रिकामी, आत दाब नाही. शेजारून ड्रेनेजची लाइन गळत असली की ती घाण जोडातून आत ओढली जाते. त्यात लोकांनी नळाला थेट मोटर लावलेली. ती तर तोंड लावून चोखल्यासारखं ओढते. पहिली दहा मिनिटं येणारं पाणी मी आजही झाडांना घालतो. हिची कटकट असते, पाणी वाया जातं म्हणून. जाऊ दे.

क्लोरीनचा हिशेब सोपा आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे, भारतीय मानकात तसंच लिहिलंय. केंद्रात किती टाकलं याला अर्थ नाही, शेवटच्या घरी किती उरलं ते विचारा.

जारवाला
मी याच धंद्यात आहे, म्हणून गप्प बसणार होतो. आमच्याबद्दल वाटेल ते लिहिता. माझा प्लांट सील झाला नाही, नमुना पास होता. वीस लिटरचा थंड जार मी तीस रुपयाला तिसऱ्या मजल्यावर पोचवतो. लग्न असो, दहावा असो, ऑफिस असो, सगळ्यांना जार लागतो. कोणी विचारत नाही धुतला कसा.

सांगतो कसा. रिकामा परत आलेला जार आधी नाकाला लावायचा. रॉकेल, ताक, एकदा तर मच्छीचा वास आला, लोक त्यात काय काय भरतात! मग ब्रश, गरम पाणी, उलटा ठेवून निथळवणं. हे करणारे करतात, न करणारे नुसतं विसळतात. ग्राहकाला दोन्ही जार सारखेच दिसतात आणि तो दोन रुपये स्वस्तवाला घेतो. सीलबंद बाटलीला मानक आहे, सुट्या जारला धड नियम नाही. नियम करा, आम्ही पाळू. पण साथ आली की सील आणि साथ गेली की विसर, यात प्रामाणिक माणूसच मरतो.

तळटाकी
@जारवाला, नाकाला लावायचं वाचून थोडा शरमलो. आमच्या गणपतीत त्याच जारमध्ये सरबत केलं होतं.

@सातबारा, विहिरीचा मुद्दा मान्य. गाळणीशिवाय नुसतं क्लोरीन म्हणजे अर्धंच काम. पण तुमच्याकडच्या पाण्यात क्षार किती? खडकवासल्याचं पाणी मुळात गोडं, टीडीएस (म्हणजे विरघळलेले क्षार) कमी. आरओचं खरं काम क्षार काढण्याचं. २०१९ मध्ये हरित लवादाने म्हटलं होतं की टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओची गरज नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत. जंतूच मारायचे तर साधी गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरतं, किंवा उकळा.

पिंप_आणि_पातेलं
“किंवा उकळा.” दोन शब्दांत झालं तुमचं. उकळतं कोण?

आमच्या घरात सहा माणसं. साथीच्या दिवसांत रोज पंधरा लिटर पाणी उकळलं. पाच लिटरचं पातेलं तीन वेळा, खळखळ आल्यावर वर आणखी थोडा वेळ, मग झाकून गार करा, फडक्याने गाळा, पिंप भरा. सकाळचे दोन तास गॅसची एक शेगडी अडकलेली. सिलिंडर सोळाव्या दिवशी संपला, एरवी महिना जातो. सासूबाई म्हणायच्या, उकळलेल्या पाण्याला चव नाही, आणि गुपचूप माठातलं प्यायच्या. मार्चमध्ये मी सोडून दिलं. थकले म्हणून सोडलं, भीती गेली म्हणून नाही.

आरओच्या ठरावाला बायकांनीच जास्त हात वर केले असतील बघा तुमच्या सभेत.

तळटाकी
हो. मोजले नव्हते, पण हो.

भाडेकरू
इथे सगळे फ्लॅटवाले बोलताहेत. आमची दहा बाय बाराची खोली. टाकी घरमालकाची, गच्चीला कुलूप, किल्ली त्याच्याकडे. ओटी करून रंग आला नाही तर मी कुणाला दाखवू? “सोडा खोली” म्हणेल. आम्ही चौघं कोपऱ्यावरच्या मशीनमध्ये पाच रुपये टाकून कॅन भरायचो. ते मशीन बंद झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे तीन आठवडे आम्ही नळाचंच प्यायलो, कारण दुसरं काही नव्हतंच. बंद करणाऱ्याने त्या जागी एक स्वच्छ नळ तरी उभा करायचा.

सातबारा
+१. हे सगळ्यात आधी यायला हवं होतं.

निवृत्त_फिटर
जिल्हा परिषदेच्या काळात गावाला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळायचं. स्रोत कसा आहे, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर पडते का, गळती किती, असं बघून. लाल कार्ड मिळालं की सरपंचाची लाज जायची. चावडीवर रंग दिसायचा, शाळेतल्या पोरालाही कळायचं. आता अहवाल प्रयोगशाळेतून फायलीत जातो. वॉर्डात कार्ड लावायला काय हरकत आहे? प्रत्येक टाकीखाली एक पाटी: तारीख, शेवटच्या नळाचं क्लोरीन.

सातबारा
@तळटाकी, तुमच्यावर राग होता म्हणूनच ओटीची बाटली आणली. आज सकाळी सहाला, पाणी आल्या आल्या, टाकीला वळसा घालून थेट रस्त्याकडच्या नळाला धरली. रंग नाही. दहा मिनिटं वाहू दिलं (फिटरकाका, तुमचंच ऐकून), पुन्हा धरली. रंग नाही. शेजाऱ्याच्या नळालाही तेच. आमच्या गच्चीवर कबुतरं नाहीत हो.

तळटाकी
मग तुमच्याकडे झाकणाचा प्रश्नच येत नाही. तीन नळ, तीन तारखा, बाटलीचा फोटो, आणि लेखी तक्रार, पोच घेऊन. मसुदा मी करून देतो. नाव-पत्ता इथे टाकू नका, निरोपात पाठवा.

आणि आमच्याकडचं सांगायचं तर ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब. शनिवारी टाकी धुवायची ठरली आहे, शिडी मिळाली, आत उतरायला माणूस अजून मिळाला नाही.

पिंप_आणि_पातेलं
स्वतः उतरा. आम्ही उकळलं ना दोन महिने.