स्तन लहान करण्याचं ऑपरेशन कुणी केलंय का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, विषय नाजूक आहे, पण इथे नाही विचारणार तर कुठे? वय ३८. ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यावर इतके खड्डे पडलेत की बोट ठेवलं तर बसतं. मान-पाठ कायम धरलेली. उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामानं सोलवटते, मलम लावून लावून कंटाळले. (सासूबाई म्हणतात, "देवानं दिलंय ते कापायचं कशाला?" त्यांना काय जातंय!)

प्लास्टिक सर्जनना भेटून आले. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन, साधारण ३ तास. काप निपलभोवती, तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत. व्रण फिके होतील पण जाणार नाहीत. निपलची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं जमेलच असं नाही. माझी मुलगी ९ वर्षांची, त्यामुळे तो प्रश्न नाही. काढलेला भाग तपासणीला पाठवतात म्हणे.

आता माझी खरी अडचण. कान टोचले तेव्हा माझ्या पाळीवर जाड गाठ आली होती, अजून आहे. अशी कातडी असलेल्या कुणी हे ऑपरेशन केलंय का? व्रण कसे झाले?

दुसरं, विमा. एजंट म्हणतो, हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन, क्लेम मिळणार नाही. पाठदुखीचे जुने कागद, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडून कुणाचा मंजूर झालाय का?

आणि ६ आठवडे जड उचलायचं नाही, हे घरात कसं जमवलंत? आमच्याकडे पाणी बादलीनं भरावं लागतं.