मदत हवी आहे: उजवीकडे वळताना सायकल लेनमध्ये शिरायचं की नाही?

गोरेगावकर_७२: तातडीचं आहे. लेखी परीक्षेची तयारी करतोय. ऑनलाइन सराव चाचणी म्हणते की वळायच्या आधी गाडी सायकल लेनमध्ये घ्यायची. दहा वर्षं तिकडे राहणारा मित्र म्हणतो, चाक घातलंस की नापास. कोण बरोबर? कृपया माहीत असेल त्यांनीच लिहा.

कुर्ला_स्लो: मुंबईत सायकल लेन कुठे दिसली राव? बीकेसीत २०११ साली ट्रॅक केला होता, त्यावर बाइका आणि टॅक्सी उभ्या असायच्या. आता तोही काढायला घेतला.

टिळकपूल: प्रश्नच कळला नाही. सायकल डाव्या कडेने जाते. उजवीकडे वळताना ती मध्ये येईलच कशी?

गोरेगावकर_७२: अहो अमेरिका!! कंपनी पाठवतेय. लिहिलं नव्हतं का? सॉरी.

पावसाळी: मी पोर्टलंडला असते. मित्र बरोबर आहे. लेनमध्ये अजिबात शिरायचं नाही. आपल्याच लेनमधून सायकलवाल्याला आधी जाऊ द्यायचं, मग लेन ओलांडून वळायचं.

सॅनहोजेचे_काका: चुकीची माहिती देऊ नका. वळायच्या आधी शेवटच्या २०० फुटांत लेनमध्ये *शिरावंच* लागतं. म्हणजे आपल्या लोकलचे साधारण तीन डबे धरा. सलग रेघ बहुतेक तिथेच तुटक होते. आरसा, इंडिकेटर, मान वळवून खांद्यामागे बघणं, आणि सायकल नसेल तरच आत. तुम्ही कडेला चिकटलात की मागून येणारा सायकलवाला तुमच्या उजव्या अंगाने घुसून चिरडला जात नाही. त्यासाठीच तर नियम आहे.

पावसाळी: काका, तुमच्याकडे असेल. आमच्याकडे हेच केलंत तर दंड होईल. आणि चिरडायचं म्हणाल तर गाडी लेनमध्ये घुसतानाच सायकलवाल्याला आडवी येते, त्याचं काय?

सॅनहोजेचे_काका: मी १९९८ पासून गाडी चालवतोय इथे.

पावसाळी: इथे म्हणजे कॅलिफोर्नियात ना? मी ओरेगॉनबद्दल बोलतेय.

टिळकपूल: धागाकर्ते, राज्य कुठलं ते सांगा की! तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो. आणि तो मित्र कुठे राहतो?

अंधेरी_आरटीओ_पीडित: आधी इंटरनॅशनल परमिट काढून घ्या. फॉर्म ४ए, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. मी एजंटशिवाय काढलं, दोन खेपा झाल्या.

गोरेगावकर_७२: परमिटचं विचारलेलं नाही हो. सॅन डिएगोला जातोय. मित्र पोर्टलंडला असतो. (असं असेल हे डोक्यातच आलं नाही.)

सॅनहोजेचे_काका: मग झालं. सॅन डिएगो म्हणजे कॅलिफोर्निया. तुमची सराव चाचणी बरोबर. इंडिकेटर वळायच्या १०० फूट आधी. २०० फुटांच्या आधीच लेनमध्ये शिरलात, तर मात्र खरंच चूक. आणि प्रत्यक्ष चाचणीत मान वळवायला विसरू नका, आरशात बघितलं एवढ्यावर भागत नाही.

कुर्ला_स्लो: आपल्याकडे रिक्षावाला मान वळवतो ती फक्त भाडं बघायला.

अंधेरी_आरटीओ_पीडित: तरी सांगून ठेवतो, तिथे कायमचे राहायला लागलात की दहा दिवसांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं. परमिटवर वर्षभर काढू, असा विचार करू नका.

गोरेगावकर_७२: हे कामाचं निघालं, धन्यवाद. अजून एक. तिथे लाल सिग्नलला उजवीकडे वळता येतं म्हणे, आपल्या फ्री लेफ्टसारखं?

टिळकपूल: फ्री लेफ्ट आपल्याकडेही सगळीकडे नसतो. पाटी असेल तिथेच. बाकी ठिकाणी लोक घुसतात म्हणून तो फ्री होत नाही.

सॅनहोजेचे_काका: 'नो टर्न ऑन रेड' पाटी नसेल तर येतं. पण आधी पूर्ण थांबायचं. पूर्ण. चाक हललं तरी धरतात. आणि तिथेही सायकल बघायचीच.

पावसाळी: पोर्टलंडलाही तसंच. बघा, एका गोष्टीवर तरी काकांचं आणि माझं जमलं.