मदत हवी आहे: टॉर्च कोरल कुठे ठेवू? तीनदा हलवली, तरी मिटलेलीच

खारट_चहा
७५ गॅलनची रीफ टाकी (जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) आहे. चार हेडची (फांद्यांच्या टोकांचे चार गुच्छ) टॉर्च कोरल दहा दिवसांत तीनदा हलवली. आधी खडकाच्या माथ्यावर, मग मध्यावर, काल थेट वाळूत. कुठेच उघडत नाही. बाकीच्या कोरलपैकी झोआ मान लांब करून बसलेत, माँटिपोरा पांढुरका पडतोय. पॅरामीटर सगळे नॉर्मल. फक्त जागा सांगा, लेक्चर नको.

वाळूचा_कण
नॉर्मल म्हणजे किती, ते आकड्यात लिहा. अल्कलिनिटी (पाण्याची क्षारधर्मिता), नायट्रेट, फॉस्फेट, सॅलिनिटी (खारटपणा), तापमान. टाकी किती महिन्यांची? वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) कुठे लावलाय? त्याशिवाय जागा सांगणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं.

कलमबहाद्दर
टॉर्च हे दगडी प्रवाळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ येतात. जागा नंतर शोधा, आधी वकील शोधा.

खारट_चहा
अहो, मी न्यू जर्सीत आहे.

कलमबहाद्दर
मग धाग्यात तसं लिहायचं ना. इथले वाचक तुमचं बघून क्रॉफर्ड मार्केटला विचारत फिरतील.

निळा_दिवा
मला हा सरळ उजेडाचा घोळ दिसतोय. झोआ लांबुडके म्हणजे उजेड कमी, माँटिपोरा पांढुरका म्हणजे बहुतेक जास्त. एकाच टाकीत दोन्ही, म्हणजे एलईडीखाली मधोमध झोत आणि कोपऱ्यात अंधार. टॉर्चला ८० ते १५० पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, झोआंनाही साधारण तेवढाच. माँटिपोरा १५० ते २५० मध्ये खूश. दुकानातून पीएआर मीटर भाड्याने आणा. मोबाइलचं लक्स ॲप निळ्या एलईडीखाली भलतंच सांगतं. तोवर दिवा आत्ताच्या ६० टक्क्यांवर आणा आणि दर आठवड्याला ५ टक्क्यांनी चढवा.

ओढा
दिवा कमी केलात तर झोआ आणखी मान काढतील! त्यांना एक पायरी वर घ्या, माँटिपोरा एक पायरी खाली. टॉर्चचं दुखणं प्रवाहाचं आहे. टेंटॅकल (स्पर्शक) वाऱ्यावरच्या भातासारखे इकडून तिकडे डुलले पाहिजेत. सगळे एकाच दिशेला आडवे पडत असतील तर मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर घासून फाटतं. वेव्हमेकर सलग मोडवर असेल तर आधी रँडमवर टाका.

निळा_दिवा
तुम्हाला सगळीकडे प्रवाहच दिसतो.

ओढा
आणि तुम्हाला दिवा. ह. घ्या.

खारट_चहा
घ्या आकडे. अल्क १०.८, नायट्रेट ०, फॉस्फेट ०, सॅलिनिटी १.०२५, तापमान २५.५. टाकी सात महिन्यांची. वेव्हमेकर डाव्या काचेवर, सलग. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्याने शून्यावर लावलाय.

वाळूचा_कण
हे नॉर्मल? नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य म्हणजे पाणी स्वच्छ नाही, उपाशी आहे. पुढे डायनो येतात, तपकिरी बुडबुडेवाली शेवाळी जाळी. खाणं वाढवा, स्किमर (पाण्यातला मळ फेसातून काढणारं यंत्र) थोडे दिवस फक्त रात्री चालवा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पर्यंत येऊ द्या. उपाशी पाण्यात १०.८ अल्क जड जाते. अल्कचं डोसिंग (वरून मात्रा घालणं) थांबवा, कोरल वापरतील तशी ती आपोआप ८.५ पर्यंत उतरेल. दिवसाला ०.५ पेक्षा जास्त उतरू देऊ नका. आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर लावून बघा. आरओवर शून्य दाखवणारा ३५ जवळ दोन अंकांनी चुकू शकतो.

मालवणी_खाजं
अवांतर: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोरायटिस प्रवाळ पावसाळ्यातलं गढूळ पाणी सोसून जगतात. ना मीटर, ना डोसिंग. टॉर्चचेच एवढे लाड का?

ओढा
कारण ती पोरायटिस नाही. बाभळीला चालतं म्हणून गुलाबाला चालत नाही.

मऊ_कवच
कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. चारही हेड सारखीच मिटलीत की एकाच बाजूची? क्लाउनफिश त्यात घुसते का? आणि शेजारी कोण आहे?

खारट_चहा
क्लाउनफिश नाही. डावीकडची दोन हेड जास्त खराब, मांस खाली सरकून सांगाड्याची पांढरी धार दिसतेय. शेजारी फक्त हिरवी गॅलेक्सिया कोरल, डावीकडे सहा इंचांवर. ती झकास आहे म्हणून लिहिलं नाही.

मऊ_कवच
ती झकास आहे हाच पुरावा! गॅलेक्सियाचे स्वीपर (डंख मारणारे लांब धागे) रात्री फूटभरही लांबतात. वेव्हमेकर डावीकडे, म्हणजे ते थेट टॉर्चकडे वाहत जातात. माथा, मध्य, वाळू, तिन्ही जागा त्याच झोतात. दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च (बॅटरीवाली!) मारून बघा.

खारट_चहा
रात्री ११ ला पाहिलं. काचेसारखे पारदर्शक धागे, टोकाला पांढरा ठिपका. त्यातले दोन धागे टॉर्चच्या डाव्या हेडला टेकलेले. आता?

मऊ_कवच
गॅलेक्सिया प्रवाहाच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, चहूबाजूंनी फूटभर मोकळी. जागा नसेल तर देऊन टाका. टॉर्च वाळूत आहे तिथेच, निदान दोन आठवडे हात लावू नका. रोज सकाळी हुंगा आणि बघा. तपकिरी चिकट जेली आणि कुजका वास आला तर पंप बंद करून जेली सायफनने ओढा, ते हेड मांसाच्या इंचभर खाली बोन कटरने तोडून बाहेर काढा, उरलेल्यांना आयोडीन डिप (आयोडीनच्या पाण्यात बुडवणं). टॉर्च फांद्यांची आहे, एक हेड गेलं तरी बाकीची वाचतात.

निळा_दिवा
तरीही मीटर आणाच.

खारट_चहा
आणतो. गॅलेक्सिया कुणाला हवीय का? एडिसनजवळ, फुकट.

कलमबहाद्दर
भारतात पाठवू नका म्हणजे झालं.