मदत हवी आहे: असेटो कोर्सामध्ये नेक्सॉन ईव्ही घालतोय, बॅटरीचं गणित जमत नाही

नमस्कार मंडळी,

गेले तीन महिने असेटो कोर्सा या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी एक मोड (गेममध्ये घालायची स्वतः बनवलेली भर) बनवतोय. २०१४ चा मूळ गेम, पीसीवरचा. गाडी टाटा नेक्सॉन ईव्ही, २०२० साली आलेलं पहिलं मॉडेल. घरी तीच गाडी आहे, बाबा चालवतात, मीही चालवतो. त्यामुळे ती हातात कशी लागते ते मला नीट ठाऊक आहे आणि गेममध्ये अगदी तशीच लागावी असा माझा हट्ट आहे. थ्रीडी मॉडेल ब्लेंडरमध्ये स्वतः बनवलंय, कुठल्या दुसऱ्या गेममधून उचललेलं नाही. दिसायला गाडी छान झालीये. अडलोय ते फिजिक्समध्ये.

आधी काय काय केलंय ते सांगतो. कंपनीचे आकडे असे: ताकद १२९ पीएस म्हणजे ९५ किलोवॅट, टॉर्क २४५ न्यूटन-मीटर, बॅटरी ३०.२ किलोवॅट-तास, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, वजन सुमारे १४०० किलो, टायर २१५/६० आर १६. टॉर्कचा आलेख कुठे मिळाला नाही, म्हणून गणिताने काढला. ९५ किलोवॅटला २४५ ने भागून आरपीएममध्ये बदललं की साधारण ३७०० येतात. तिथपर्यंत टॉर्क सपाट २४५, पुढे ताकद तीच राहते म्हणून टॉर्क उतरत जातो: ५००० ला १८१, ६००० ला १५१, ८००० ला ११३. गेमच्या पॉवर.लट या टॉर्कच्या फाइलमध्ये हेच भरलं. गिअर एकच, एकूण रेशो ९ धरलाय. त्या हिशोबाने ताशी १२० ला मोटर साधारण ८६०० आरपीएमवर फिरते. हा ९ माझा अंदाज आहे, कुणाला खरा आकडा माहीत असेल तर जरूर सांगा.

आता अडचणी.

पहिली. कंपनी ० ते १०० साठी ९.९ सेकंद सांगते, माझी गाडी ८.२ मध्ये पोचते.

दुसरी. उभ्या गाडीत पेडल दाबलं की आधी आरपीएम चढतात आणि मग गाडी हिसका देऊन सुटते, पेट्रोल गाडीचा क्लच सोडल्यासारखी. खऱ्या नेक्सॉनमध्ये पाय ठेवला की ती लोण्यासारखी सरकते.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि धागा मुख्यतः तिच्यासाठीच काढलाय. बॅटरी दाखवायला मी इंधनाची टाकीच वापरतोय. १ लिटर म्हणजे १ किलोवॅट-तास, टाकी ३०.२ लिटरची. म्हणजे पडद्यावरचा आकडा थेट वाचता येतो. पण गेममध्ये इंधन कसं जळतं ते बघा: दर सेकंदाला आरपीएम गुणिले थ्रॉटल गुणिले कन्झम्प्शनचा (खपाचा) आकडा, भागिले १०००. पेट्रोल इंजिनाला हे ढोबळमानाने चालून जातं. मी ३७०० आरपीएमला बरोबर ९५ किलोवॅट पडतील असा आकडा बसवला, तो आला ०.००७१. पण तोच आकडा ८६०० आरपीएमला पूर्ण पेडलवर २२० किलोवॅट खातो! मोटर तिथेही ९५ च देतेय. टॉर्क उतरलाय हे त्या सूत्राला कळतच नाही.

ट्रेंटो-बाँडोने या इटलीतल्या घाटरस्त्याच्या ट्रॅकवर चाचणी घेतली. १७.३ किलोमीटरची चढण, साधारण ३०० मीटरवरून १६५० मीटरपर्यंत. वजन आणि उंचीच्या हिशोबाने नुसतं वर चढायलाच साडेपाच किलोवॅट-तास लागतात. हवेचा विरोध, टायर, ब्रेकमध्ये गेलेलं धरून नऊ-दहा व्हायला हवेत. गेमने एकोणीस खाल्ले.

आणि उतारावर तर काहीच परत येत नाही. आम्ही नाशिकचे. मुंबईहून येताना कसारा घाट चढलो की टक्के भराभर उतरतात, आणि जाताना तोच घाट उतरलो की थोडे परत मिळतात. ही गाडी पहिल्यांदा घाटात उतरवली तेव्हा काटा उलटा जाताना बघून घरातले सगळे पुढे वाकून बघत होते. ते या मोडमध्ये नसेल तर नुसती आवाज बंद केलेली पेट्रोल गाडी बनवल्यासारखं होईल, आणि मला ते नकोय.

कुणी ईव्ही मोड केला असेल तर कृपया मार्ग सुचवा.

*

प्रतिसाद १

मेहनत दिसतेय. पहिल्या अडचणीचं उत्तर सोपं आहे. असेटो कोर्सा गिअरबॉक्स आणि शाफ्टमधला तोटा वेगळा धरत नाही. पॉवर.लटमध्ये चाकांपाशी पोचणारा टॉर्क द्यायचा असतो, तुम्ही मोटरचा दिलाय. पेट्रोल गाडीला लोक १५ टक्क्यांच्या आसपास कापतात. ईव्हीला एकच गिअर, म्हणून ७-८ टक्के पुरे. त्यानंतर इंजिन.आयएनआय फाइलमधला इनर्शिया (फिरणाऱ्या भागांचं जडत्व) बघा, रोटरचं वजन असतंच. शिवाय खऱ्या गाडीत पेडल दाबल्या क्षणी पूर्ण टॉर्क येत नाही, कंट्रोलर तो चढवत नेतो, नाहीतर पुढची चाकं जागेवर फिरतील. तेवढ्यासाठी थ्रॉटल.लट थोडं मऊ करा, पण बेताने. त्याने पेडल किती दाबलं की किती टॉर्क मिळतो एवढंच बदलतं, तो चढायला लागणारा वेळ नाही.

हिसक्याचं कारण ऑटोक्लच, म्हणजे गेम आपोआप दाबतो-सोडतो तो क्लच. ड्राइव्हट्रेनच्या फाइलमध्ये ऑटोक्लचचे किमान आणि कमाल आरपीएम बहुधा पेट्रोल गाडीचेच राहिलेत, १५०० आणि २५०० वगैरे. दोन्ही अगदी खाली आणा आणि ऑटोक्लच कायम चालू ठेवा. इंजिनाचं मिनिमम, म्हणजे किमान आरपीएमही खाली आणा. ते थेट शून्य करू नका, हळूहळू उतरवत बघा.

*

प्रतिसाद २

उतारावरच्या परतीसाठी ईआरएस (ऊर्जा परत मिळवायची सोय) वापरून बघितलं का? या गेममध्ये फेरारी एसएफ१५-टी आणि पोर्शे ९१९ मध्ये ब्रेक मारताना बॅटरी भरते. ईआरएस.आयएनआय उघडून बघा.

*

प्रतिसाद ३

ईआरएसच्या वाटेला मी जाणार नाही. ती सोय शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे, एका लॅपला किती किलोज्यूल वापरायचे अशा मर्यादेभोवती रचलेली. तिथे मोटर इंजिनाला जोड देते. तुमच्याकडे इंजिनच नाही.

माझं मत: रीजनचे, म्हणजे पाय काढल्यावर मोटर गाडीला ओढून बॅटरी परत भरते त्याचे, दोन तुकडे करा. पायाला जाणवणारी ओढ एक, आणि काट्यावर दिसणारी भर दुसरी. दोन्ही एकाच जागी सोडवायला गेलात की गुंता होतो.

ओढ कोस्ट टॉर्कने मिळते, म्हणजे पाय काढल्यावर गाडीला मागे ओढणाऱ्या टॉर्कने. तुम्ही बहुतेक कोस्ट रेफरन्स ठेवला असेल. त्यात आरपीएम वाढतील तशी ओढ वाढते, इंजिन ब्रेकिंगसारखी. रीजन तसं नसतं. मधल्या वेगात ते जवळपास सारखं राहतं, खूप वरच्या आरपीएमला ताकदीच्या मर्यादेमुळे कमी होतं, आणि गाडी थांबत आली की विरून जातं. इंजिन.आयएनआयमध्ये कोस्टसाठी स्वतंत्र आलेखाची फाइल देता येते, ती वापरा. ४५ न्यूटन-मीटरपासून सुरुवात करा. तुमच्या रेशोला आणि वजनाला त्याने दर सेकंदाला ताशी तीन किलोमीटरच्या आसपास वेग उतरेल. घरी गाडी आहे, तेव्हा सपाट रस्त्यावर पाय काढून ६० वरून ४० ला यायला किती वेळ लागतो ते मोजा आणि तसा आकडा बदला.

काट्यासाठी टाकीचा नाद सोडा. कन्झम्प्शन जवळपास शून्य करा आणि बॅटरीचा हिशोब पायथन ॲपमध्ये ठेवा. गेम आरपीएम, थ्रॉटल, वेग सगळं ॲपला देतो. तुमचा टॉर्कचा आलेख तुमच्याकडेच आहे. टॉर्क गुणिले आरपीएम करून ताकद काढा, तोटा धरून दर फ्रेमला वजा करा. थ्रॉटल शून्य असेल तर कोस्ट टॉर्कवरून तीच ताकद काढा आणि साठ-पासष्ट टक्के परत जमा करा. एक तोटा राहील: काटा शून्यावर आला तरी गाडी थांबणार नाही. ते हवं असेल तर पुढे कस्टम शेडर्स पॅच या गेमसाठीच्या बाहेरच्या भरीतल्या एक्सटेंडेड फिजिक्समध्ये गाडीला लुआ स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) जोडता येते. पण आधी गणित ॲपमध्ये तपासून घ्या, मग तिकडे न्या.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर बसलो होतो, सांगण्यासारखं बरंच आहे.

टॉर्क ८ टक्क्यांनी कापला, वेळ ८.९ वर आली. इनर्शिया वाढवल्यावर ९.४. एवढ्यावर तूर्त थांबतो, थ्रॉटल.लटला हात लावलेला नाही. ऑटोक्लच खाली आणल्यावर हिसका गेला. पहिल्यांदा गाडी सरकली तेव्हा बाबांना बोलावून दाखवलं, ते म्हणाले, "आता आपली वाटते."

ॲप लिहिलं. बाँडोनेच्या माथ्यावर पोचेपर्यंत ९.८ किलोवॅट-तास खर्च झाले, म्हणजे हाताने केलेल्या हिशोबाच्या जवळ. मग तोच रस्ता उलटा उतरलो आणि काटा खरोखर मागे गेला. पण परतीचा आकडा मला जास्त वाटतोय. मी ब्रेक मारतो तेव्हाही ॲप कोस्टची पूर्ण भर धरतं, आणि बॅटरी भरत आलेली असताना खरी गाडी रीजन कमी करते ते ॲपला अजून शिकवलेलं नाही. परत मिळणारे पासष्ट टक्के हाही अंदाजच आहे.

म्हणून एक विनंती. ज्यांच्याकडे पहिली नेक्सॉन ईव्ही आहे आणि जे कसारा, खंबाटकी किंवा आंबा घाटातून जातात, त्यांनी माथ्यावर आणि पायथ्याशी बॅटरीचे टक्के, गाडीत किती माणसं होती आणि रीजन चालू होतं का, एवढं इथे लिहाल का? नोंद सोबतच्या माणसाने करावी, चालवणाऱ्याने नाही. आम्ही रविवारी कसारा उतरणार आहोत, आमचे आकडे सोमवारी टाकतो.