ऑडिटच्या निमित्ताने पाहिलेली गावं

मार्च संपत आला की आमच्या पलंगाखालून बॅग बाहेर निघते. बँक शाखांच्या ऑडिटचे दिवस. सीएच्या कामाचा विषय निघाला की लोक आकडेमोड आणि जागरणं एवढंच विचारतात, फिरण्याचं कुणी विचारत नाही. माझ्यापुरतं सांगतो, आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, तीन वर्षांत जेवढा हिंडलो तेवढा आधीच्या वीस वर्षांत हिंडलो नव्हतो. सहलीची बस जिथे थांबत नाही अशा गावांत चार-चार दिवस राहायला मिळालं, तेही तिकिटाची आणि लॉजच्या भाड्याची काळजी न करता. ऑडिटला गेल्यावर कामाआधी किंवा काम आटपून काय पाहिलंत, काय खाल्लंत, कोण भेटलं, ते इथे लिहा. प्रसिद्ध ठिकाणच हवं असं नाही. सुरुवात मी करतो.

स्वतःच्या सहीने केलेलं पहिलं शाखा ऑडिट गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीच्या बाजूला होतं. एप्रिलचा पहिला आठवडा. दहानंतर ऊन नको म्हणायचं, म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटेच मार्कंड्याला निघालो. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते आणि काठावर जुनी दगडी देवळं आहेत, भिंतीभर शिल्पं कोरलेली. तासभर मी एकटाच होतो. पण मनात राहिली ती परतीची वाट. मोहाच्या झाडांखालचा पाचोळा बाजूला करून जमीन साफ केलेली, तिच्यावर रात्रीत गळलेली पिवळट, गुबगुबीत फुलं आणि ती वेचणाऱ्या बायका. एका आजीने दोन-चार फुलं माझ्या हातावर ठेवली. जिभेला गोड लागली, वास मात्र बोटांना दुपारपर्यंत येत होता. त्याच दुपारी बचत गटांच्या कर्जाच्या फायली उघडल्या. एका अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘मोहफूल गोळा करणे’ असं लिहिलेलं. आदल्या दिवशी ती ओळ मी नुसती टिक करून पुढे गेलो असतो. त्या दिवशी पूर्ण फाइल वाचली.

* * *

माझं गाव इचलकरंजी. बारावीपर्यंत एकटी कोल्हापूरच्या पुढे गेले नव्हते. आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी सरांनी विचारलं, “एकतीस मार्चच्या स्टॉकला गांधीधामला जाशील का?” मी हो म्हणाले आणि घरी आईने दोन दिवस अबोला धरला. बाबा एवढंच म्हणाले, “कामाला चाललीय. जाऊ दे.”

माल होता खाद्यतेल, कांडला बंदराजवळच्या टाक्यांत. हा स्टॉक मोजायचा म्हणजे टाकीला वळसा घालत जाणाऱ्या लोखंडी जिन्याने वर चढायचं, झाकण उघडून टोकाला वजन असलेली फीत आत सोडायची, वर ओढायची आणि तेल कुठवर लागलंय ते वाचायचं. तेल उन्हात फुगतं, म्हणून तापमानही घ्यायचं. मग टाकीच्या तक्त्यावरून लिटर आणि लिटरवरून टन. पुस्तकात या सगळ्याला ‘प्रत्यक्ष पडताळणी’ म्हणतात, दोन शब्द! वर वारा असा की ओढणी कमरेला गच्च बांधली आणि वही छातीशी धरून आकडे लिहिले. लिहून झाल्यावर मान वर केली. एका बाजूला खाडी आणि रांगेत उभी जहाजं, दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर पांढरी मिठागरं. पाय लटपटत होते तरी खाली उतरावंसं वाटेना.

संध्याकाळी बाजारात दाबेली खाल्ली. दाबेली मूळची कच्छची, मांडवीकडची, हे मला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून एसटीने भुजला जाऊन आले. आयना महालाची २००१ च्या भूकंपात पडझड झाली होती, तरी आतल्या आरशांपाशी खूप वेळ रेंगाळले. आता बाहेरगावी निघाले की आई स्वतःच दशम्या बांधून देते आणि विचारते, “तिथलं काय आणशील गं?”

* * *

मी नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून, म्हणजे सरकारी खात्यांचे हिशेब तपासणाऱ्या कचेरीतून, निवृत्त झालो. आमची तीन-चार जणांची ऑडिट पार्टी, म्हणजे तुकडी, असे आणि महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस दौऱ्यावर जात. हाफ मार्जिन, म्हणजे आक्षेपाचा कागद, लिहायचं, खात्याच्या उत्तराची वाट पाहायची, मुक्काम विश्रामगृहात. वन खात्याचं ऑडिट मला सर्वांत प्रिय. परतवाड्याच्या लाकूड आगारात सागाच्या ओंडक्यावरचा हातोडीचा शिक्का आणि नंबर शोधून रजिस्टरशी ताडायचा. कधी ओंडका उलटा पडलेला असे, मग दोन मजूर तो फिरवीत आणि ओल्या सागाचा वास उसळे.

एका डिसेंबरात चिखलदऱ्याला होतो. सकाळी व्हरांड्यात कॅशबुक उघडलं तर बोटं पेन धरीनात. रविवारी खात्याने फिरायला जीप देऊ केली. आमच्या साहेबांनी नको म्हटलं. ज्यांचे कागद तपासायचे त्यांचा चहा घ्यावा, बाकी सगळं आपल्या भत्त्यातून, हा त्यांचा नियम होता. आम्ही गाविलगडापर्यंत चालत गेलो. तोफा, पडके बुरूज, खाली दरीत धुकं, आणि रुमालात बांधलेली पोळी-चटणी. त्या जीपमध्ये बसलो असतो तर सोमवारी आक्षेप लिहिताना हात अडखळला असता, असं मला आजही वाटतं. नव्या मुलांनी भरपूर हिंडावं, पण हा नियम पाळून.

* * *

लेक झाल्यापासून मी मुक्कामाची कामं घेत नाही. पण बँकेसाठी कर्जदाराचा माल मोजायचं स्टॉक ऑडिट एका दिवसात होतं, त्यामुळे गेल्या वर्षी सांगलीला हळदीच्या गोदामात जाऊन आले. थप्प्या मोजून तीनला मोकळी झाले आणि रिक्षाने हरिपूरला गेले. तिथे कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे. पूर्वी इथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं गेली. घाटावर अर्धा तास बसले, एकटी, फोन पर्समध्ये. घरी आल्यावर लेकीने माझी नखं पाहिली आणि म्हणाली, “आई, कुणाची हळद होती?”

* * *

इथे विचारलं तर चालेल ना? माझं पहिलंच बाहेरगावचं ऑडिट आहे, जमशेदपूरला, दोन आठवडे. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोनच वर्षांची झाली, म्हणजे हिंडायला एक वर्ष कमी, त्यामुळे एकही रविवार वाया घालवायचा नाहीये. पहिल्या रविवारी दलमा टेकड्या करू की जुबिली पार्क? आणि संध्याकाळी घरगुती जेवण कुठे मिळेल? हा दुसरा प्रश्न आईचा आहे.