होबी १६ कॅटमरान एप्रिलमध्ये बोडेनसेवर उतरवायची आहे: तपासणी, थंड पाणी, टॅक

नवखा_कॅटवाला
नमस्कार मंडळी. जुनी होबी १६ (दोन समांतर हल, म्हणजे सांगाडे, असलेली शिडाची बोट) एप्रिलअखेर बोडेनसेत (जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं तळं) उतरवायची आहे. हिवाळाभर ती ताडपत्रीखाली होती. आम्हा दोघांचं मिळून वजन ११७ किलो. लेझर (एकाच हलची छोटी शिडाची बोट) चालवायची सवय आहे, कॅटमरानची नाही. उतरवण्याआधी नेमकं काय तपासायचं? कलंडली तर एवढ्या वजनात सरळ होईल का? आणि टॅक घेताना (नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवताना) ही बोट वाऱ्याच्या तोंडावर अडकते म्हणतात, त्यावर उपाय काय? परवान्याचंही कुणी सांगितलं तर बरं होईल.

दोरगाठ
सुरुवात हलपासून करा. पुढच्या आडव्या बारच्या पुढचा डेक अंगठ्याने दाबत जा आणि नाण्याने ठोकत जा. टणक ठिकाणी खणखणीत आवाज येतो. आवाज बद्द आला किंवा डेक दबला, तर आतला फोम आणि फायबरचा थर सुटलेला आहे. तळहाताएवढी जागा इपॉक्सी भरून सावरता येते. तो भाग बारपर्यंत पोचला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत बोट पाण्यात नेऊ नका.

गळती बघायची तर मागच्या बुचांच्या भोकातून तोंडाने हवा फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावायचा नाही, सांधे उकलतात. बुचांच्या रबरी चकत्या दर वर्षी नव्या घाला.

डोलकाठीच्या ताणतारांवरून कापड फिरवा. धागा अडकला की तिथे एक तार तुटलेली समजा. बहुतेक वेळा ती खालच्या दाबून बसवलेल्या टोकापाशी तुटते. एक तार गेली तरी तो ताण बदलायचा, आणि जोडीचाही सोबतच. सगळ्या पिनांच्या रिंगा टेपने गुंडाळा, कारण जिबचा (पुढच्या छोट्या शिडाचा) दोर रिंगेत अडकून ती ओढून काढतो. चालताना पुढचा ताण ढिला दिसेल, घाबरू नका. होबी १६ वर डोलकाठी जिबच्या हॅलयार्डने (शीड वर ओढायच्या दोराने) ताणून धरलेली असते.

सुकाणू पूर्ण खाली जाऊन लॉक होतंय ना, ते बघाच. पातं थोडं जरी मागे कललेलं राहिलं तरी टिलर (सुकाणूचा दांडा) इतका जड होतो की हात भरून येतो, आणि माणसाला वाटतं शिडाचं काहीतरी चुकलंय. ट्रॅम्पोलिनच्या (दोन हलमधल्या ताणलेल्या जाळीच्या) शिवणीवर नख दाबा. उन्हाने कुजलेला दोरा लगेच तुटतो.

डोलकाठी उभी करण्याआधी आणि उभी असताना बोट ढकलण्याआधी वर बघा. काठावरच्या विजेच्या तारांना अॅल्युमिनियमची आठ मीटरची डोलकाठी सहज टेकते.

गारपाणी
एप्रिलअखेर तिथलं पाणी साधारण १० अंशांच्या आसपास असतं, बाहेर २० अंश आणि ऊन असलं तरी. कपडे पाण्याच्या हिशेबाने घालायचे, हवेच्या नाही. ड्रायसूट आणि आत फ्लीस सगळ्यात चांगलं. नाहीतर ५ मिलिमीटरचा वेटसूट, नीओप्रीनचे बूट, टोपी. हातमोजे हवेतच, कारण आधी बोटं काम करेनाशी होतात.

पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवून बोट धरून राहा, बाकी काही करू नका. त्यानंतर हातापायांत उपयोगाची ताकद साधारण दहा मिनिटं असते. शरीर गारठून शुद्ध हरपायला त्याहून बराच वेळ लागतो, पण बोट सरळ करायची मुदत तेवढीच. म्हणून क्रम पाठ हवा.

दोघांनीही बोट सोडायची नाही. पोहणाऱ्यापेक्षा ती वेगाने वाहत जाते. मेनशीट आणि जिबशीट (मोठ्या शिडाचा आणि जिबचा दोर) क्लीटमधून, म्हणजे दोराच्या पकडीतून, सोडा. हे विसरलं तर बोट उभी राहताच पळते किंवा दुसऱ्या बाजूला कलंडते. मग एकाने खालच्या हलच्या पुढच्या टोकाकडे सरकावं. ते टोक थोडं बुडतं आणि बोट नाक वाऱ्याकडे करून फिरते. शिडाखाली वारा शिरला की निम्मं काम तोच करतो. आता दोघांनी बोट सरळ करायचा दोर खांद्यावरून घेऊन मागे पूर्ण लवायचं, पाय सरळ, ढुंगण पाण्याच्या जरा वर. डोलकाठी जागची हलायला वेळ लागतो, पण शिडातलं पाणी निथळलं की ती झपकन येते. वर येताना पुढचा आडवा बार पकडा.

होबी १६ ला १३५ किलोच्या आसपास वजन लागतं. ११७ मध्ये वाऱ्याची मदत मिळाली तर जमेल, बिनवाऱ्यात नाही. पाणी भरून खांद्यावर घ्यायची पिशवी ठेवा.

आपोआप फुगणारं जॅकेट इथे नको. ट्रॅम्पोलिनखाली सापडलात आणि ते फुगलं तर बाहेर निघता येत नाही. फोमचं घ्या. चाकू, शिट्टी आणि जलरोधक पाकिटातला फोन अंगावर हवा, बोटीला बांधलेला नको. तिन्ही देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो.

झोतमोजणी
टॅकबद्दल. या बोटीला सेंटरबोर्ड (तळातून खाली जाणारी फळी) नाही, हलच्या आकारावरच ती वारा धरते, म्हणून हळू फिरते. वेग असतानाच वळा. टिलर झटक्याने ढकलला तर सुकाणू ब्रेकसारखं बोट थांबवतं. जिब लगेच सोडू नका, ती उलटी फुगून नाक पलीकडे ढकलते. नाक वाऱ्यातून जाताना मेनशीट अर्धा मीटर ढिली करा, नाहीतर मोठं शीड बोटीला पुन्हा वाऱ्यात फिरवतं. बोट मागे जायला लागली तर टिलर उलट्या दिशेला धरा.

वसंतात गार पाण्यावरची हवा खाली बसून राहते आणि वरचा वारा तुकड्यातुकड्याने उतरतो. त्यामुळे तळं शांत दिसतं आणि एकदम झोत येतो. तो बहुतेकदा उजवीकडे वळून येतो. वारा उजव्या बाजूने घेत असाल तर त्यात वर चढता येतं. आडव्या वाऱ्यात झोत आला तर दोघंही मागे सरका आणि आधी जिब सोडा. होबी १६ ची नाकं बारीक आहेत, ती खुपसून बोट कोलांटी खाते. पूर्वेकडे, ब्रेगेन्झ आणि लिंडाऊच्या बाजूला, ऱ्हाइनच्या खोऱ्यातून फ्योन (डोंगरावरून उतरणारा जोरदार वारा) येतो. तो आला की सावरायला वेळ देत नाही. काठावरचे नारिंगी दिवे मिनिटाला ४० वेळा चमकले तर २५ ते ३३ नॉटचे झोत अपेक्षित आहेत, ९० वेळा चमकले तर ३४ च्या वर. तुम्ही ४० लाच परत फिरा. पहिले काही दिवस १० नॉटच्या वर जाऊच नका.

परवाना: बोडेनसेवर १२ चौरस मीटरपेक्षा जास्त शिडाला पेटंट डी (शिडाच्या बोटीचा परवाना) लागतं आणि तुमची दोन शिडं मिळून २० च्या वर जातात. हिरवा गोळा लावलेल्या प्रवासी जहाजांना वाट द्यावी लागते.

नवखा_कॅटवाला
सगळ्यांचे आभार. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर पाण्याची पिशवी घेऊ की डोलकाठीच्या टोकावरचा फ्लोट?

गारपाणी
फ्लोट. तो कलंडलेली बोट पालथी होऊ देत नाही. पिशवी कलंडलेली बोट उचलते, पण पालथी झालेल्या बोटीला तिचा फारसा उपयोग नाही. वसंतात पातळी कमी असते, बर्फ वितळून ती जून-जुलैपर्यंत चढते. काठाजवळ आठ मीटरपेक्षा उथळ पाण्यात पालथी झाली तर डोलकाठीचं टोक गाळात रुततं आणि बोट वाहत राहिली की डोलकाठी वाकते. पिशवीऐवजी तूर्त तिसरा माणूस घ्या, किंवा दुसरी बोट जवळ असेल तेव्हाच निघा. पहिल्या दिवशी मात्र सूट घालून, काठावर कुणीतरी उभं असताना, छातीभर पाण्याच्या थोडं पलीकडे, फ्लोट लावून बोट मुद्दाम कलंडवा आणि घड्याळ लावून सरळ करा.