शकुंतला रेल्वे : आरटीआय नेमका कुठे टाकावा? मदत हवी आहे

आम्ही अंजनगावकडचे पाच-सहा जण शकुंतला रेल्वेच्या मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) मार्गाची (७६ किमी) कागदपत्रं गोळा करतोय. गाडी कायमची थांबली त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या शिवारात रुळांमध्ये हात घालता येणार नाही इतक्या बाभळी माजल्यात, एका ठिकाणी तर स्लीपरच उचलून नेलेत. हे बघवत नाही.

गाडी पुन्हा सुरू करा असं निवेदन द्यायचं, तर आधी मालकी स्पष्ट हवी. मार्ग किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने बांधला, स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी राहिली आणि गाड्या रेल्वेने चालवल्या, इथपर्यंत माहीत आहे. पुढे मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्याची घोषणा झाली, पण जमिनीचं काय ठरलं ते कळत नाही.

आतापर्यंत केलेलं: दोन गावांचे सातबारा काढले, त्यात नुसतं 'रेल्वे' लिहिलंय. एका कार्यालयात आरटीआय टाकला. 'विषय आमच्याकडे नाही' एवढंच उत्तर आलं, अर्ज पुढेही पाठवला नाही. अपिलाची मुदत अजून आहे.

वकील परवडणार नाही. बातम्यांची कात्रणं आणि जुने फोटो भरपूर आहेत, ते नकोत. याच रेल्वेच्या मूर्तिजापूर–यवतमाळ फाट्याचं सध्या बाजूला ठेवलंय.

ज्यांनी रेल्वेच्या जमिनीसाठी असा अर्ज केलाय त्यांनी कृपया सांगा: मूळ करार आणि जमिनीचे नकाशे मागायला भुसावळ विभागात अर्ज करावा, मुंबईला मुख्यालयात की थेट रेल्वे बोर्डाकडे? आणि आधीच्या उत्तरावर अपील करावं की नवाच अर्ज टाकावा?